चाखणे आणि पिणे

गेल्या उन्हाळ्यातील गोष्ट. आमच्या धर्मग्रामाच्या एका दूरच्या वाडीवर महिन्यातून दोनदा मिस्सा होतो. कपेल लहान, वर पत्र्याचे छप्पर, आणि मे महिन्याचे ऊन. अर्पणविधीच्या वेळी मी कुपीतील द्राक्षारस चषकात ओतू लागलो, तोच एक परिचित वास नाकाशी आला. लोणच्याची बरणी उघडल्यावर येतो तसा. बोटाच्या टोकाला एक थेंब लावून जिभेवर ठेवला. द्राक्षारस नव्हे, आंब झाली होती! चूक सर्वस्वी माझीच. मागल्या खेपेस अर्धी राहिलेली बाटली मी बूच नीट न लावता वेदीमागच्या कपाटात ठेवून दिली होती. वेदीसेवक मुलाचे वडील मोटारसायकलवरून मुख्य चर्चकडे धावले. जाऊन येऊन अकरा-अकरा किलोमीटर. तोवर भाविकांनी तीन गीते म्हटली, आणि चौथे चालू असताना नवी बाटली आली.

मिस्सानंतर एका आजींनी मला अंगणात गाठले. "फादर, थोडा आंबट झाला म्हणून काय बिघडले? देवाला का चव कळत नाही?" असा त्यांचा प्रश्न. त्यांना मी उभ्या उभ्या जे उत्तर दिले ते अपुरे होते. ते पुरे करण्यासाठी हा लेख लिहावयास घेतला; पण लिहिता लिहिता विषय बराच फोफावला, हे आधीच कबूल करतो. धर्मगुरूने मद्याच्या चवीवर लिहावे याचे ज्यांस नवल वाटेल, त्यांनी थोडा धीर धरावा.

वेदीवरील द्राक्षारसाविषयी धर्मसभेचे म्हणणे अगदी थोडक्यात आहे. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील ९२४ वे कलम सांगते की, तो द्राक्षवेलीच्या फळापासून झालेला, नैसर्गिक आणि न बिघडलेला असला पाहिजे. पाचव्या पायस पोपमहोदयांच्या १५७० च्या मिस्साग्रंथात तर या 'दोषां'वर एक स्वतंत्र प्रकरणच होते. द्राक्षारसाची पूर्ण आंब झाली असेल, तो सडला असेल, किंवा त्यात इतके पाणी मिसळले असेल की त्याचे द्राक्षारसपणच गेले, तर संस्कार घडतच नाही. नुकता आंबटपणाकडे झुकू लागला असेल, तर संस्कार घडतो. पण जाणूनबुजून तसा वापरणाऱ्या याजकाच्या माथी गंभीर दोष येतो. आता 'झुकू लागला' आणि 'झुकून गेला' यांतील सीमारेषा कोणी आखावयाची? तेथे प्रयोगशाळा नसते, तराजू नसतो. असते ती याजकाची जीभ आणि नाक. म्हणून मी म्हणतो की चाखण्याची विद्या आम्हां धर्मगुरूंस निषिद्ध तर नाहीच, उलट ती आमच्या कर्तव्याचा भाग आहे. आणि माझ्या सेमिनरीतील वर्षांत ती मला कोणी शिकविली नाही.

द्राक्षारसाची आंब का होते, हे गृहिणींस सांगावयास नको. हवेत वावरणारे सूक्ष्म जंतू मद्यार्कावर बसतात आणि हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने त्याचे आम्लात रूपांतर करतात. भरलेल्या, घट्ट बुचाच्या बाटलीत हवा नसते म्हणून ती टिकते. अर्ध्या बाटलीत अर्धी हवाच असते. त्यात उष्णता मिळाली की काम आणखी लवकर उरकते. गोव्यात व कोकणात माडाच्या सुरेपासून शिर्का करतात तो याच मार्गाने. जे स्वयंपाकघरात हवे, तेच वेदीवर नको, एवढाच फरक. उष्ण देशांतील ही अडचण जाणून रोमने १८९६ साली काही अटींवर मुभा दिली, की द्राक्षारस टिकावा म्हणून त्यात द्राक्षांचाच मद्यार्क मर्यादित प्रमाणात मिसळता येईल. द्राक्षांचाच, हा शब्द महत्त्वाचा. उसाचा किंवा धान्याचा मद्यार्क घातला की तो रस वेदीला चालत नाही, मग चवीला कितीही गोड लागो.

त्या प्रसंगानंतर मी चाखावयास शिकण्याचे मनावर घेतले. व्यवसायाने मद्यपरीक्षक असलेले लोक कसे चाखतात हे वाचले, आणि पहिलीच गोष्ट अशी आढळली की ते पीत नाहीत! एक लहानसा घोट घ्यावयाचा, तोंडात घोळवावयाचा, आणि चूळ टाकतो तसा टाकून द्यावयाचा. दिवसाकाठी तीस-चाळीस नमुने तपासणाऱ्याने प्रत्येक घोट गिळला, तर दहाव्या नमुन्यालाच त्याचा निवाडा डळमळू लागेल. आधी पेला पांढऱ्या कापडासमोर धरून रंग पाहावयाचा. (आमच्याकडे त्यासाठी चषक पुसण्याचे पांढरे वस्त्र आहेच. ते लाल डागांनी खराब होऊ नये, म्हणून पुष्कळ चर्चमध्ये पांढरा द्राक्षारस वापरतात. विधीला दोन्ही रंग सारखेच चालतात.) मग नाक. मग जीभ. आणि शेवटी, घोट गेल्यावर तोंडात मागे काय राहिले, किती वेळ राहिले, याकडे लक्ष.

आमच्या लहानपणी पुस्तकांत जिभेचा नकाशा असे. टोकाला गोड, कडेला आंबट, मागे कडू. तो नकाशा चुकीचा आहे. जिभेच्या सर्व भागांना सर्व चवी कळतात. आणि जिला आपण चव म्हणतो, तिच्यातील मोठा वाटा जिभेचा नसून नाकाचा असतो. तोंडातील वास घशामागून वर नाकात चढतो. २०२०-२१ च्या करोनाच्या साथीत ज्यांचा वास गेला, त्यांस हे निराळे पटवून द्यावयास नको. आमच्या एका आचारी बांधवाला तेव्हा दोन महिने सुक्या बांगड्याची आमटी आणि वरण सारखेच लागत होते.

परीक्षकांच्या इंग्रजी पुस्तकांत चवीचे वर्णन करण्यासाठी नाना उपमा योजलेल्या असतात. चामडे, ओले दगड, काळ्या मनुका, देवदाराची पेटी. वाचताना हसू येते. परंतु मराठी माणसाला एवढे दूर जावयाचे कारण नाही. आपल्याकडे षड्रसांची परंपरा आहे. आणि त्यांतील 'तुरट' हा शब्द तर द्राक्षारसासाठीच घडविला असावा असे वाटते. लाल द्राक्षारस द्राक्षांच्या सालींसह आंबवितात. सालीतला तो रस जिभेवर आला, की कच्चे केळे चावल्यासारखी जीभ आवळली जाते. शिवाय वासांसाठी आपल्या बायाबापड्यांपाशी किती शब्द आहेत! खमंग, उग्र, उबट, खवट, कोंदट, करपट, घमघमीत. ज्या घरी पापडाचे पीठ उबले की करपले हे दारातून ओळखतात, त्या घराला मद्यपरीक्षकाची भाषा शिकवावयास नको.

एवढी तयारी करून एप्रिलमध्ये मी घाट उतरून सत्तरी तालुक्यात एका ओळखीच्या काजूच्या भट्टीवर गेलो. वाळपईच्या आसपासचा हा मुलूख बेळगावकरांस परका नाही. चोर्ल्याच्या घाटातून खाली उतरले की काजूच्या बागांचा वास गाडीतही येतो. भट्टीचे मालक सत्तरी ओलांडलेले हिंदू गृहस्थ. वडिलांच्या हाताखाली शिकलेले. त्यांनी मला चाखण्याचा पहिला पाठ दिला तो एका वाक्यात: "पाद्रीबाब, पयलीं नाकाक दिवचें, मागीर जिबेक."

काजू हे झाड मूळचे ब्राझीलचे. पोर्तुगीजांनी ते सोळाव्या शतकात गोव्यात आणले. त्याचे बोंडू म्हणजे खरे फळ नव्हे, तो फुगलेला देठ. खरे फळ ती खालची बी. भट्टीसाठी बोंडू झाडावरून तोडीत नाहीत. पिकून आपोआप खाली पडलेलेच गोळा करतात. कारण विचारले तर आजोबांनी एक अर्धे पिकलेले बोंडू माझ्या हाती दिले. घसा धरला! ती तुरटी पिकल्यावरच मावळते, आणि ती रसात उतरली तर पुढे शेवटपर्यंत पाठ सोडीत नाही. जमलेले बोंडू 'कोळंबी' नावाच्या दगडी किंवा बांधीव कुंडात पायांनी तुडवितात. उरलेल्या चोथ्याचा ढीग करून वर वजन ठेवले, की त्यातून रात्रभर थेंब थेंब स्वच्छ रस गळतो, तो 'निरो'. पहाटेचा निरो मी प्यालो. होय, हा प्यालो. त्यात मद्य नव्हते. गोडी उसाच्या रसाची, पण अंगात हलकी. मागे किंचित तुरट. आणि वासात पिकलेले बोंडू, अननसाची साल आणि नुकते न्हालेले झाड. ऊन चढेपर्यंत तो फसफसू लागतो, म्हणून त्याला शहर कधी भेटत नाही.

तुडविलेला रस मोठ्या भांड्यांत तीन दिवसांच्या आसपास आंबतो. विरजण असे काही घालीत नाहीत. फळावरचे आणि हवेतले किण्व पुरते. मग तो 'भाण' या भांड्यात चुलीवर चढतो. भाणाचे तोंड कापड व माती लावून बंद करतात, एका नळीवाटे वाफ दुसऱ्या भांड्यात जाते. ते भांडे 'लवणी', आणि त्यावर गार पाणी सोडीत राहावयाचे. पहिल्या उकळीतून जे उतरते ते 'उर्राक'. पंधरा टक्क्यांच्या आसपास मद्यार्क. हंगामापुरता, मार्च ते मे. तो टिकत नाही. पेल्यात पाण्यासारखा स्वच्छ. नाकाला ताज्या बोंडवाचा सौम्य वास, थोडा धुराचाही. जिभेवर प्रथम काहीच नाही आणि मग हळूच एक ऊब. उर्राकची फसवणूक याच सौम्यपणात आहे, असे मला वाटले. चूळ टाकल्यावरही मनात आले, की हे तर काहीच नव्हते. गोव्यात हंगामात मिठाची व हिरव्या मिरचीची जोड देऊन थंड पेयाबरोबर तो दुपारभर पितात, आणि तिसऱ्या पेल्यानंतर उठताना पाय सांगतात की काहीतरी होते.

उर्राकमध्ये पुन्हा आंबलेला रस मिसळून दुसऱ्यांदा उकळला की फेणी. प्रमाण बेचाळीस-त्रेचाळीस टक्क्यांचे. नाव 'फेण' म्हणजे फेस यावरून आले असे सांगतात, आणि आजोबांची परीक्षाही फेसाचीच. करवंटीतून बारीक धार उंचावरून सोडली. वर मोत्यांसारखे बुडबुडे आले. ते किती मोठे, किती वेळ टिकले, यावरून ते जोर सांगतात. शेजारी सरकारी मोजणीसाठी काचेचे तरंगते मापक होते. त्यावरील अंशास ते पोर्तुगीज वळणाने 'ग्राव' म्हणतात. आजोबांचा अंदाज आणि मापकाचा आकडा यांत मला फरक दिसला नाही. फेणीचा वास उग्र. लपविण्यात अर्थ नाही. घरात बाटली उघडली तर माजघरात कळते. तथापि पाण्याचे चार थेंब घालून पेला थोडा वेळ राहू दिला, तेव्हा त्या उग्रतेखालून वेगळेच काही वर आले. सुकलेले फळ, ओली माती, लिंबाच्या पानाचा चुरा. जिभेवर आग, पण चांगल्या फेणीची आग पुढे असते, घशाला ओरबाडीत नाही. त्याच ठिकाणी दुसऱ्या कोठली एक बाटली होती, ती मी नुसती हुंगली. गोंदाच्या डबीचा वास आला. आजोबा म्हणाले, "ती पहिली धार वेगळी न काढता केलेली." उकळताना प्रथम उतरणारा भाग काढून टाकावा लागतो, आणि लोभी माणूस तो टाकीत नाही.

काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०१६ मध्ये गोवा सरकारने कायद्यात बदल करून तिला राज्याच्या वारशाचे पेय ठरविले. माडाची फेणी वयाने याहून थोरली. ती सुरेची होते, मुख्यतः दक्षिण गोव्यात. रेंदेर सकाळ-संध्याकाळ माडावर चढून पोयीतून सूर उतरवितो. तिचा वास काजूपेक्षा पुष्कळ सौम्य, किंचित खोबऱ्याकडे झुकणारा, जिभेला पातळ. मला स्वतःला तीच अधिक आवडली, पण रेंदेराचा धंदा करणारी मुले आता थोडी उरली आहेत. सुरेशिवाय सान्ना फुगत नाहीत, याची काळजी आमच्या कित्येक आया-मावश्यांना फेणीपेक्षा जास्त आहे, आणि ती रास्त आहे.

आता द्राक्षांकडे परत. आमच्याकडे नाताळच्या केकसाठी 'पोर्ट' म्हणून जी गोड लाल बाटली आणतात, ती आणि पोर्तुगालची पोर्ट यांचे नावापलीकडे फारसे नाते नाही. खरी पोर्ट डोरू नदीच्या खोऱ्यातील. त्या प्रदेशाची सीमा पोंबालच्या मार्क्विसाने १७५६ मध्ये आखून दिली. रस अर्धवट आंबलेला असतानाच त्यात द्राक्षांचा मद्यार्क ओततात. किण्व मरते, साखर उरते. म्हणून ती गोडही आणि जोरदारही. आमची केकची बाटली केकपुरती छान. पण एखाद्या वाडीवर वेदीचा रस संपला म्हणून तीच चषकात ओतावी असा विचार कोणा साहाय्यकाच्या मनात आला, तर तो तेथेच थांबवावा. त्यात बाहेरून साखर घातली आहे की कसला मद्यार्क घातला आहे, हे जीभ सांगू शकत नाही. नाशिकच्या द्राक्षारसांविषयी लिहावयाचे तर निराळा लेख हवा. गुजरातेतील आमच्या बांधवांची अडचण तर आणखी वेगळी. दारूबंदीमुळे वेदीच्या द्राक्षारसालाही तेथे परवाना काढावा लागतो.

जीभ सांगू शकत नाही, असे वर म्हटले. त्यातील सर्वांत भयंकर गोष्ट ही. मिथिल मद्यार्क नावाचे एक विष आहे. कारखान्यांत लागते. स्वस्त म्हणून गावठी दारूत मिसळले जाते. त्याचा रंग, वास व चव पिण्याच्या मद्यार्काहून जवळजवळ वेगळी नाही. थोरल्यातला थोरला परीक्षकही ते चाखून ओळखू शकणार नाही, आणि आमचे भट्टीवाले आजोबाही नाही. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते. आधी डोळे जातात, मग प्राण. २०१५ च्या जून महिन्यात मुंबईत मालाडच्या मालवणी वस्तीत शंभरांहून अधिक माणसे अशीच गेली. २०२४ मध्ये तामिळनाडूत कळ्ळकुरिची येथे साठांहून अधिक. पिणाऱ्यांस पहिले काही तास नशेपलीकडे काहीच वाटत नाही, आणि म्हणून घरची माणसे 'झोपू द्या, उतरेल' म्हणतात. वाचकहो, आपल्या गल्लीत कोणी असे पिऊन पडला, आणि उठल्यावर डोळ्यांपुढे धुके आहे म्हणाला, तर लाज बाजूला ठेवून त्याला तत्काळ इस्पितळात न्या. वेळेवर नेलेल्यास उपचार आहेत. पोलिसांची भीती मागाहून पाहता येईल.

शुभवर्तमानात पहिला मद्यपरीक्षक भेटतो तो काना येथील लग्नात. भोजनाचा कारभारी. रस कोठून आला हे त्याला ठाऊक नव्हते. पाणी भरणाऱ्या चाकरांस ठाऊक होते. त्याने केवळ चाखून निवाडा दिला, आणि तो खरा होता. सहा दगडी रांजण, प्रत्येकात दोन-तीन मापे. म्हणजे आजच्या हिशेबाने साडेचारशे ते सातशे लिटर. एवढा उत्तम द्राक्षारस प्रभूने एका खेड्यातील लग्नाला दिला, ही गोष्ट ज्यांना मद्याचा थेंबही पाप वाटतो त्यांस अडचणीची आहे, आणि ज्यांना लग्न म्हणजे पिण्याचा परवाना वाटतो ते तीच पुढे करतात. मला मात्र मत्तयच्या शुभवर्तमानातील दुसरा प्रसंग अधिक आठवतो. गुलगुथा येथे प्रभूला पित्त मिसळलेला द्राक्षारस देऊ केला. त्याने तो चाखून पाहिला, आणि प्यावयास नकार दिला. वेदना बोथट करणारे ते पेय होते, असे अनेक भाष्यकार म्हणतात. आणि अखेरच्या क्षणी त्याने जी घेतली ती आंब. त्या रविवारी माझ्या कुपीत होती तीच.

आजींना आता मी हे सांगेन: देवाला चव कळते की नाही हा प्रश्नच नाही. त्याने द्राक्षारस घेऊन 'हे करा' म्हटले, म्हणून आम्ही तोच घेतो. आणि आंब झाल्यावर ती वस्तू दुसरीच झाली. त्या ऐकून घेतील, आणि पुढच्या खेपेस बूच नीट लावा म्हणतील.

एक गोष्ट राहिली. माझ्याहून वयाने थोरले एक धर्मगुरू आहेत. नाव सांगत नाही. पिण्याच्या व्याधीतून ते कष्टाने बाहेर आले. अशा माणसाला रोजच्या मिस्सातला घोटही धोक्याचा असतो. धर्मसभेला हे ठाऊक आहे. २००३ साली रोमहून आलेल्या पत्रानुसार अशा याजकास बिशपांच्या परवानगीने 'मुस्तुम' वापरता येते. म्हणजे ताजा, किंवा गोठवून वा तत्सम उपायाने आंबणे थांबविलेला द्राक्षांचाच रस, ज्याचा मूळ स्वभाव बदललेला नाही. ज्या प्रापंचिकांस तीच व्याधी आहे, ते केवळ भाकरीच्या रूपात प्रभूला स्वीकारू शकतात, आणि त्यात काही उणे राहत नाही.

सत्तरीहून परतताना मी त्यांच्याकडे मुक्काम केला. दिवसभर जे चाखले ते त्यांच्यापुढे काढावे की नाही, या संकोचात मी होतो. त्यांनीच विचारले, आणि मी सांगितले. मग मी विचारले, "आपल्या मुस्तुमची चव कशी?" थोडा वेळ विचार करून ते म्हणाले, "गुऱ्हाळात काहिलीला जाळ लागण्याआधीचा रस असतो ना, तसा. जरा आंबट, जरा तुरट. पहिले सहा महिने चषक उचलताना हात कापत असे. आता त्याची गोडी लागली आहे."

लहान लहान बाटल्यांत भरून ते तो बर्फाच्या खणात ठेवतात. रात्री झोपण्यापूर्वी एक बाटली खाली काढून ठेवतात. पहाटेच्या मिस्सापर्यंत ती वितळलेली असते.